समुद्रावर तीन दिवस गळ टाकून बसलो, एक मासा नाही. पाण्याचं नेमकं काय बघायचं असतं?

तुडुमकाठी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

आधी माझी लायकी सांगून टाकतो, म्हणजे "गरी बांधता येते का" इथपासून कोणी सुरुवात करणार नाही. गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेपासून दीड कोसावर. आमच्या मामा तलावावर (माजी मालगुजारी तलाव, बाहेरच्यांनी मामाचा तलाव समजू नये) सातवीत असल्यापासून गळ टाकतो. रोहू, मृगल, पावसाळ्यात मरळ, नशीब असलं तर नदीत वाम. हात हलवत घरी आलो असे दिवस आहेत, पण लागोपाठ तीन कधी नव्हते.

यंदा भाऊबीज आटोपून मी आणि साडू कोकणात गेलो. धानाची कापणी तोंडावर असताना निघालो, त्यामुळे घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. गुहागरकडे एका खाडीच्या तोंडाशी मुक्काम. ८, ९ आणि १० नोव्हेंबर, तिन्ही दिवस पोहे खाऊन दहाला खडकावर जायचं आणि एकला उन्हानं भाजून परत यायचं. चारा आपला नेहमीचा, कणीक आणि ढेपेचा गोळा. तिसऱ्या दिवशी लाज वाटून बाजारातून कोळंबी घेतली. पाणी इतकं निवळ की बुडाचे दगड मोजावे. समुद्र शांत, अगदी आमच्या तलावासारखा. मला वाटलं यापेक्षा चांगलं पाणी ते कोणतं!

शेवटच्या दिवशी साडेचारला नुसतेच फिरायला गेलो तर एक म्हातारे आजोबा सायकल लावून आमच्याच खडकावर बसलेले. काठी नाही, रीळ नाही, हातात दोरी. दिवस बुडेपर्यंत तीन मासे काढले. दोन तांबूस, एक मिशीवाला. मी विचारलं, आजोबा, चारा कोणता? तर म्हणाले, "चारा कसला विचारतोस, पाणी बघून यावं." आणि सायकलवर बसून गेले.

तेव्हापासून डोक्यात तेच. पाणी बघायचं म्हणजे काय बघायचं?

खारपाण_अकोट | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३२

काय राजेहो, खारं पाणी पाह्याले इतक्या लांब गेले? आमच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात या, हिरीतून बादलीभर काढून देतो. मासा इथं बी नाही, भाडं तरी वाचलं असतं.

नाहीतर लोणारला जा. तिथलं पाणी खारं बी हाय आन् सोड्यासारखं बुळबुळीत बी. २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं तेव्हा आम्ही गाडी करून पाह्याले गेलो होतो. त्या तळ्यात तवा मासाच नव्हता, म्हणून कोणी तुमच्याहून जास्त पकडला असं बी झालं नसतं.

अर्जुनीची सून | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

भाऊ, माझं माहेर गुहागरकडचं आणि सासर अर्जुनी मोरगावला, तेव्हा दोन्ही पाणी पाहिलेत. तुमच्या तारखा वाचून हसू आलं, रागावू नका. ८, ९, १० म्हणजे कार्तिक शुद्ध सप्तमी, अष्टमी, नवमी. ऐन भांग, म्हणजे भरती-ओहोटीत पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं ते दिवस. आणि तुम्ही बसलात दहा ते एक.

माझे बाबा गरवायला, म्हणजे गरीनं मासे धरायला जायचे. त्यांच्याकडे ना पुस्तक ना मोबाइल, भिंतीवर दिनदर्शिका तेवढी. तिथीचे पाऊणपट करायचे, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीनला भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, दोन्हीकडे चालतं. अर्धाएक तास इकडेतिकडे होतो, ठिकाणाप्रमाणे फरक पडतो, पण घरातून कधी निघायचं ते कळतं. एक भरती पहाटेकडची, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे.

आता तुमचा हिशेब करा. सप्तमीला भरती सव्वापाचला, म्हणजे पूर्ण सुकती (पाणी सगळ्यात खाली) साडेअकराच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, सुकती बाराच्या पुढे. नवमीला सुकती एकला. तिन्ही दिवस तुम्ही बरोब्बर पाणी उतरून थांबलेलं असताना बसलात. आजोबा साडेचारला आले कारण नवमीची संध्याकाळची भरती सातच्या सुमाराला होती. शेवटचे दोन-अडीच तास त्यांनी घेतले. एवढंच.

आमच्याकडे लहान पोरंही त्या वेळेला गरी घेऊन जात नाहीत, खेकडे पकडायला जातात.

तुडुमकाठी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२१

ताई, दंडवत. म्हणजे रोज पोह्यांऐवजी पंचांग उघडायला हवं होतं.

पण भरती असली काय नि ओहोटी असली काय, मासा तर पाण्यातच आहे ना? तलावाचं पाणी तर वर्षातून एकदाच चढतं, तरी मासा रोज खातो.

चिमूरचा मास्तर | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मूळ चिमूरचा, अकरा वर्षं देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत. आपल्याकडचे बरेच मास्तर इकडे आहेत, सुट्टीत काय करायचं हा सगळ्यांचाच प्रश्न. मी गरी धरली. पहिली दोन वर्षं मीही तुमच्यासारखाच तलावातल्या डोक्यानं बसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

तलावातला मासा आपल्या जागेवर चरतो. गाळात किडे, काठाला गवत, पाणवनस्पती, सगळं त्याच्या दारात. समुद्राच्या काठाशी तसं नसतं. खडकावर कालवं, बारके खेकडे, किडे, लहान कोळंबी हे सगळं असतं, पण ओहोटीला तो खडक कोरडा पडतो. पाणी चढायला लागलं की मासा त्या पाण्याबरोबर खडकाकडे येतो, कारण त्याचं ताट आता पाण्याखाली गेलेलं असतं. उतरायला लागलं की मागे सरतो. खाडीच्या तोंडाशी उलटही होतं. ओहोटी सुरू झाली की आतली कोळंबी आणि बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर वाहत येते आणि मोठा मासा तोंडाशी आयता उभा राहतो. म्हणून खाडीच्या मुखावर पहिली दोन तासांची ओहोटीही चांगली. फक्त पाणी थांबलेलं नको. वाहतं पाणी चाऱ्याचा वास नेतं. थांबलेल्या पाण्यात तुमची कोळंबी जिथे पडली तिथेच पडून राहते, तिचा पत्ता कोणाला लागत नाही.

पाणी सहा तास एकाच वेगानं चढत नाही. भरतीचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धी भरती होते. त्या वेळी उधाण (पुनव-अवसेची मोठी भरती) असेल तर दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं बुडाला टिकत नाही, दोरी कमानीसारखी वाकते आणि गरी खडकात अडकते. मी बहुतेक वेळा तिसऱ्या तासाच्या शेवटी शिसं वाढवतो आणि पाचव्यात पुन्हा हलकं करतो.

ताईंच्या गणितात एक गंमत आहे, ती मला चौथ्या वर्षी कळली. या किनाऱ्यावर अष्टमीची भरती कायम सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते आणि पुनव-अवसेची भर दुपारी नाहीतर मध्यरात्री. मासा खातो पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणजे भांगाला पाणी कमी चढतं, पण नेमकं खायच्या वेळेला चढतं. उधाणाला पाणी भरपूर, पण पहाटे सहाला बघावं तर खडक उघडे. गरीवाल्यानं भांगाला नावं ठेवायचं कारण नाही. तुम्ही भांगाला गेलात ही चूक नव्हती, दहाला गेलात ही होती.

सातपाटी रिटर्न | १८ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मास्तर, माफ करा, पण हे पटत नाही. मी गोंदियाकडचा, तीन वर्षं पालघरकडे सातपाटी बंदरात बर्फाच्या कारखान्यात काढली. रोज बोटी यायच्या, रोज मासळी मोजली जायची. उधाण आलं की बर्फ पुरायचा नाही, भांग आला की आम्ही पत्ते खेळायचो. उधाणाशिवाय मासा नाही हे तिथलं शेंबडं पोरगं सांगेल.

चिमूरचा मास्तर | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

तुमचंही खरं आहे, पण ते डोळीचं खरं. डोळ जाळं समुद्रात जागेवर बांधलेलं असतं, पिशवीसारखं, तोंड प्रवाहाकडे. मासा स्वतःहून आत जात नाही, पाणी त्याला ढकलत नेतं. बोंबील, करंदी, जवळा हे प्रवाहापुढे हतबल. प्रवाह जितका जोरात तितकी पिशवी भरते, म्हणून उधाण. भांगाला पिशवी लोंबकळते. आणि तुमच्याकडे उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं-उतरतं. माझ्या देवगडला दोन-अडीच मीटर. उत्तरेकडे खंबातच्या आखातात, भावनगरला तर दहा मीटरच्या घरात. सातपाटीचं पाणी नि देवगडचं पाणी एकाच समुद्राचं असलं तरी जोर वेगळा.

गरीला उलटं. मासा थांबून चारा तोंडात घेईल इतपतच प्रवाह हवा.

सातपाटी रिटर्न | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०२

हा, डोळीच्याच बोटी जास्त मोजल्या मी. मान्य. पण पत्ते भांगालाच खेळायचो, ते बदलत नाही.

नातू टंकतो | १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आजोबा मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे, वय ऐंशीच्या आसपास, साकोलीकडे. मी धागा वाचून दाखवला. ते बोलले ते जसंच्या तसं लिहितो.

"त्या पोराले सांग, पानी निवळशंख दिसलं तवाच समजाचं होतं. तुले मासा दिसते तं मासा बी तुले पाह्यते. आमच्या तलावात थंडीत पानी निवळते, तवा आमी काठावर उभे रायत नाई, मांगं बसतो, सावली पान्यावर पडू देत नाई. दोरी बारीक करतो. गढूळ पानी असलं का मंग गांडूळ लावाचा, जाड दोरी चालते, काहून का मासा डोयानं नाई, वासानं येते. आन् तलावाचं पानी थांबलेलं रायते असं कोन म्हनते? तुडुम (तलावाचं पाणी सोडायचं दार) उघडला का आतमंदी धार सुरू होते, मासा तुडुमाच्या खड्ड्याकडं सरकते. सलंगावरून (तलावाच्या सांडव्यावरून) पानी पडाले लागलं का मासा उलटा चढते, मिरगात तं हातानं धरा. पानी हाललं का मासा हालते, दर्याचं असो का तलावाचं."

आजोबांनी समुद्र पाहिलेला नाही.

मत्स्यविद्यार्थी | १८ नोव्हेंबर, रात्री ११:४८

नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकतो, गाव आर्वीकडे. आजोबांच्या बोलण्यावर आमच्या सरांनी पूर्ण तास घेतला असता.

गढूळपणाबद्दल थोडी भर. उधाणाला पाणी जोरात ये-जा करतं, तळातला गाळ उचलला जातो, खाडीजवळचं पाणी चहासारखं होतं. भांगाला गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. म्हणून एकाच खडकावर आठ दिवसांच्या अंतरानं दोन वेगळे मासे मिळू शकतात. नजरेनं शिकार करणारे निवळ पाण्यात, सुरमई त्यातलीच. वासानं नि स्पर्शानं शोधणारे गढुळात. शिंगाळ्याच्या मिशा तुम्ही पाहिल्याच. रावसाच्या छातीखाली दोऱ्यांसारखे लांब तंतू असतात, तो त्यांनी चाचपडत खातो, म्हणून चिखलट पाणी त्याला चालतं. जिताडाही खाडीच्या गढूळ पाण्यात आरामात राहतो. जिताड्याची आणखी एक गोष्ट म्हणजे तो गोड्या पाण्यातही वाढतो. रायगडमध्ये पेण-अलिबागकडे गावतळ्यांतून आणि शेततळ्यांतून पाळतात. अंडी घालायला मात्र त्याला खारं पाणी लागतं.

दुसरं, पावसानंतरचं पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ते जड. नदीचं गोडं पाणी हलकं. खाडीत दोन्ही भेटले की लगेच मिसळत नाहीत, गोडं वर तरंगतं, खारं बुडाशी पाचरीसारखं आत घुसतं. वरचं पाणी लाल मातीचं दिसलं म्हणून लोक परत जातात, पण खाऱ्या पाण्याचा मासा खालच्या थरात असतो. चारा बुडाला लावला की झालं.

प्राणवायूचं गणित तर आपल्या तलावांनाही लागू आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि तितक्याच गरम समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडा वर. पाणी तापलं की मासा सुस्त होतो तो नुसता उन्हानं नाही, श्वासाला कमी पडतं म्हणून. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे तलावात कटला-रोहू तोंड वर काढून हापापतात ते हेच. वनस्पतींनी रात्रभर प्राणवायू वापरलेला असतो आणि आदल्या दिवशी उन्हाअभावी फारसा तयारच झालेला नसतो. फेस उठवणाऱ्या लाटांच्या खडकाळ किनाऱ्यावर ही अडचण कमी. म्हणून दुपारी मासा हवाच असेल तर लाट फुटते त्या पांढऱ्या पाण्याच्या कडेला टाका. तिथे प्राणवायू जास्त, आणि फेसाखाली मासा निर्धास्त.

खारपाण_अकोट | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

पोरा, अभ्यास चांगला करून राह्यला. पण मी आता चहा पेताना त्यात शिंगाळा शोधतो.

अर्जुनीची सून | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

फेसाच्या कडेला टाका म्हणणं सोपं आहे, म्हणून हे मध्येच लिहिते आणि हे गमतीत घेऊ नका. तलाववाल्यांना लाटेची सवय नसते. खडकावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं लांब उभं राहून बघा. खडकावरची ओली रेघ कुठपर्यंत आहे ते बघा. रेघेच्या खाली बसायचं नाही, समोरचं पाणी कितीही शांत दिसो. आपल्याकडे वारा नसतानाही मोठ्या लाटा येतात, त्या लांब दक्षिणेकडच्या वादळातून निघून काही दिवसांनी इथे पोचलेल्या असतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचा अंदाज देते, कोणत्या भागात मासळी असेल तेही उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा बघून सांगते. ते दुसरं बोटीवाल्यांसाठी, आपल्या उपयोगाचा लाटांचा अंदाज.

आणि पाठीमागे बघत राहा. भरती समोरून येते असं वाटतं, पण ती खडकामागच्या खोलगट जागेतून आधी शिरते.

चिमूरचा मास्तर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ताईंचं शेवटचं वाक्य मी अंगावर काढलेलं आहे. तिसऱ्या वर्षी पुनवेच्या आधी दोन दिवस, मासा लागत होता म्हणून उठलो नाही. वळून बघतो तर माझा खडक बेट झालेला. कमरेपर्यंत पाण्यातून आलो. मोबाइल, डबा आणि शाळेच्या किल्ल्या गेल्या. किल्ल्यांचं स्पष्टीकरण मी लेखी दिलं, ते अजून माझ्या सेवापुस्तकाला चिकटलेलं असेल.

वाऱ्याचं राहिलं. थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. त्यानं काठचं पाणी इस्त्री केल्यासारखं होतं. अकरा-बारानंतर खारा वारा सुटतो, पाणी खवळतं, दोरीला पोट येतं आणि मासा टोचतोय की वारा ओढतोय हेच कळत नाही. थंडीत सकाळची चढती भरती गाठली तर वारा, ऊन आणि पाणी तिन्ही बाजूनं.

अंधारात जाणार असाल तर आणखी एक. थंडीत काही रात्री पाण्यात निळा उजेड पेटतो. सूक्ष्म जीव असतात, नॉक्टिल्युका नावाचे, पाणी हललं की चमकतात. दिसायला स्वर्ग, पण गरवायला निकामी. तुमची दोरी पाण्यात ओढली की चमकती रेघ उमटते, माशाला धोक्याची पत्रिका छापून दिल्यासारखी. तशा रात्री मी गरी गुंडाळून नुसता बघत बसतो.

तुडुमकाठी | १९ नोव्हेंबर, रात्री १०:०२

मास्तर, फेब्रुवारीत लाखोरीचं पीक निघायच्या आत दोन दिवस मिळतील. कोणती तिथी धरू? जून-जुलैत येऊ का हेही साडू विचारतो आहे, तेव्हा त्याला शेतात काम नसतं म्हणे. (जूनमध्ये शेतात काम नसलेला शेतकरी मी दुसरा पाहिला नाही.)

चिमूरचा मास्तर | २० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

साडूंना घरीच ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, मासा अंडी घालायच्या काळात. काठावरच्या गरीला ती लागत नसली तरी त्या दिवसांत खडकावर जायचं नाही, समुद्र माणूस ओढतो. नारळी पौर्णिमेनंतर बोलू.

फेब्रुवारीत माघ शुद्ध द्वादशी ९ तारखेला. पाऊणपट नऊ. सकाळी सहाला बसायचं, नऊला उठायचं. दिवस उगवताना चढतं पाणी, मतलई वारा, उधाणाच्या अलीकडचं म्हणून पाण्याला जोर पण अजून चिखल नाही. कणीक घरी ठेवा. सोललेली कोळंबी किंवा ताज्या तारलीचा तुकडा. माझ्याकडे उतरा, भाकरी माझी, तांदूळ तुमचा आणा. इकडचा उकडा मला अकरा वर्षांत आवडला नाही.

तुडुमकाठी | १६ फेब्रुवारी, रात्री ८:४५

जाऊन आलो. मास्तरांनी तांदूळ आधी मोजून घेतला.

पहिला दिवस, ९ तारीख. सव्वासहाला खडकावर. ताईंनी सांगितलं तसं पंधरा मिनिटं नुसते उभे राहिलो, साडू म्हणाला देवळात आलोय का. पाणी बघितलं आणि मी जरा खट्टू झालो. आदल्या दिवशी दुपारभर वारा होता, त्यामुळे काठचं पाणी मळकट. नोव्हेंबरात बुडाचे दगड दिसत होते, आता हात बुडवला तर बोटं दिसेनात. मास्तर म्हणाले बरंच झालं, आज वासाचं काम. तारलीचा तुकडा लावला, बुडाला सोडला. पहिला तास काही नाही. साडेसातच्या सुमाराला दोरी सरळ गेली ती हातातून निसटताच राहिली. शिंगाळा. त्याच्या काट्याचं मला कोणी सांगायची गरज नव्हती, आमच्या मागुरानं लहानपणीच शिकवलंय. फडक्यात धरून काढला. पाऊण तासात आणखी दोन. पावणेनऊला पाणी थांबलं आणि अक्षरशः बटण दाबल्यासारखं सगळं बंद. मास्तरांनी घड्याळ दाखवलं. मी तरी अर्धा तास हट्टानं बसलो. काही नाही.

दुसरा दिवस, त्रयोदशी, भरती पावणेदहाला. वारा पडला होता, पाणी बरंच निवळलेलं. ढिवर आजोबांचं आठवून मी मागे सरकून बसलो, ऊन पाठीवर होतं म्हणून सावली पाण्यावर पडेना अशी जागा बघितली आणि बारीक दोरी लावली. इथेच घात झाला. काहीतरी लागलं, ओढलं, दोरी कचकन तुटली. पुन्हा बांधली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा मास्तरांनी जाड दोरी दिली तर बाहेर आला फुग्यासारखा फुगलेला केंड, पोपटासारखे दात. दोरी तोच कापत होता. विषारी असतो, खायचा नसतो, साडू मात्र त्याचा फोटो काढत दहा मिनिटं बसला आणि तेवढ्यात चढतं पाणी निघून चाललं होतं. नऊच्या सुमाराला एक तांबोशी मिळाली, किलोला थोडी कमी. नोव्हेंबरातल्या आजोबांची ती तांबूस मासळी हीच.

संध्याकाळी नाही गेलो. मास्तर म्हणाले आता सुकती, मी म्हटलं माहीत आहे, त्यांना बरं वाटलं.

अर्जुनीची सून | १६ फेब्रुवारी, रात्री ९:१०

तांबोशी कशी केली? कोकम घातलंत ना? नाहीतर सगळं पाणी बघणं फुकट.

तुडुमकाठी | १६ फेब्रुवारी, रात्री ९:१८

मास्तरांनी कोकम काढलं होतं. साडूनं जवसाची चटणी नि सावजी मसाला पिशवीतून काढला. पुढचं लिहीत नाही.

नातू टंकतो | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

आजोबांना वाचून दाखवलं. केंड ऐकून हसले. मग म्हणाले, "त्यांच्या पान्याले तिथी हाये, चांगलं हाये. आमच्या नदीचं पानी वरतून दरवाजे उघडले का चढते, बंद केले का उतरते, ना पुनव ना अवस. मास्तरले इचार, त्याचं पाऊणपट कशाचं कराचं."

चिमूरचा मास्तर | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आजोबांना नमस्कार सांग. त्याचं गणित मला येत नाही. पण दरवाजे उघडल्यावर तुमच्या काठाशी पाणी किती तासांनी पोचतं, हे त्यांनी कधी मोजलंय का ते विचार. मला वाटतं मोजलं असणार.

नातू टंकतो | १७ फेब्रुवारी, रात्री ९:४४

विचारलं. म्हणाले, "तास मोजाले घडी कोनाकडं होती? बैल सोडून जेवलो का पानी डोंग्याले (होडीला) लागते."